पान कानाशी धरून

“ए आत्या, पाला वाळवायला काय अक्कल लागते गं?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विचारून टाकलं. त्या दोघी दाराआड तोंड दाबून खिदळत होत्या.

आत्या चिडली नाही. दंडाला धरून तिने मला थेट पोटमाळ्यावर नेलं. बाहेर भाजून काढणारी दुपार, आणि इथे गार, हिरवट अंधार. दोऱ्यांवर उलट्या टांगलेल्या पुदिन्याच्या, गवती चहाच्या शेकडो जुड्या. वास असा अंगावर आला, की मी चक्क पैज विसरले. मी!

“उन्हात का नाही टाकत?”

“रंग उडतो. त्याच्या मागोमाग वासही.”

तिने एक पान माझ्या कानाशी धरून चुरलं. चुर्रर्र! मग दुसरं. काहीच नाही.

“दुसरं वाजलं नाही ना? मग ते अजून ओलं आहे,” ती म्हणाली.

हाताला दोन्ही पानं सारखीच कोरडी लागत होती. इतकी वर्षं ही बाई पानं ऐकत होती, आणि आम्हाला पत्ताच नाही!

“आता मला दोन्ही गप्पच वाटतात,” आत्या म्हणाली. “गेल्या महिन्यात ओला पाला भरला. अकरा बरण्या बुरशीने गेल्या.”

“पण ते कानातलं यंत्र?”

“त्यात माणसं ऐकू येतात. पान नाही. रविवारी ही माळ्यावरची खोली रिकामी करतेय, काम बंद.”

मी पहिली जुडी कानाशी घेतली. मग पुढची. मैत्रिणी कंटाळून कधी गेल्या, कळलंही नाही. आधी चारदा चुकले. मग कळलं, की पान बोललं तरी देठ फसवतो. तो वाकता कामा नये, कट्कन मोडायला हवा. अंधार पडेपर्यंत मला ते मोडणं लांबूनही ओळखू यायला लागलं.

“ही झाली,” मी म्हणाले.

आत्याने जुडी माझ्या हातून घेतली, पाहिलीसुद्धा नाही, पानं बरणीत भरली आणि झाकण घट्ट लावलं. माझ्या एका शब्दावर!

घरी पोचले ती चपलांसकट स्वयंपाकघरात.

“आई, बाबा, शनिवार-रविवारचा क्लास बंद. मी आत्याकडे पानं ऐकायला जाणार.”

“काय ऐकायला?” आई म्हणाली.

“आणि परीक्षा? ती काय मी देऊ?” बाबा म्हणाले.

“परीक्षा मीच देईन. पण आत्याची माळ्यावरची खोली रिकामी होणार नाही. तसं तुमच्या ताईला सांगूनच आलेय.”