थेंबबुवांची वाटी

वाटीतल्या नितळ पाण्यात रक्ताचा थेंब पडला आणि फसफसून फेस वर आला. सभागृहातली माणसं पुढे सरकली. काहींनी हात जोडले.

"ऐका, रक्तातले पहारेकरी ओरडतायत," थेंबबुवा म्हणाले. "शास्त्रज्ञ त्यांना अँटिबॉडी म्हणतात. यंत्राला कॅन्सर वर्षाने दिसेल, माझ्या वाटीला आजच दिसतो."

मग माझ्या ताईची पाळी आली. तिच्या स्तनात गाठ होती. महिन्यापूर्वी तिचंही रक्त असंच फेसाळलं होतं. बुवांचा काढा घेतल्यावर आज मात्र थेंब गुलाबी होऊन मुकाट विरला. आजार पळाला, असं बुवांनी जाहीर केलं. गाठीचा तुकडा काढून तपासायला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. आता जाणार नाही, असं ताईने तिथेच सांगून टाकलं.

मी प्रयोगशाळेत रोज रक्तच तपासते, याची मी तिला आठवण करून दिली.

"तू नळ्या तपासतेस गं. बुवा माझ्याशी बोलतात तरी."

भाऊजी गेल्यापासून ती एकटीच राहते. मी फोन करते, तोही कामाच्या घाईत.

पुढचा माणूस पहिल्यांदाच आला होता. बुवांनी त्याच्यासाठी दुसऱ्या बाटलीतून वाटी भरली. ताईच्या बोटावर रक्त अजून ओलं होतं. मी तिचा हात ओढून बोट त्या वाटीत बुडवलं. फेस आला. मग स्वतःचं बोट टोचलं. पुन्हा फेस.

"एवढ्यात ताईला परत कॅन्सर झाला, बुवा? आणि मलाही?"

संशयी माणसाच्या सावलीने वाटी बिघडते, असं बुवा म्हणाले. मागे कुणीतरी हसलं.

मी समजावून सांगितलं. या बाटलीत जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. कुणाचंही रक्त त्यात फेसाळतं, कारण रक्तातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यातून ऑक्सिजन सोडवतं. ताईची वाटी ज्या बाटलीतून भरली, तिच्यात साधं पाणी आहे. अँटिबॉडींवरून कॅन्सरची चाहूल लवकर लागेल का, यावर खरंच संशोधन चालू आहे. पण अँटिबॉडी अशा वाटीत दिसत नाहीत, आणि चाहूल लागली तरी गाठ तपासावीच लागते.

थोडी माणसं उठून गेली. बरीचशी माझ्याकडे न बघता पुन्हा रांगेत उभी राहिली.

"मग मला आहे की नाही?" ताईने विचारलं.

"माहीत नाही."

तिने बोट पदराला पुसलं. "उद्या दवाखान्यात तू आत येशील का? बाहेर बसायचं नाही."

मी हो म्हटलं.

असा चमत्कार कुणी दाखवला, तर तोच प्रयोग निरोगी माणसाच्या रक्तावर करून दाखवायला सांगा. आणि आपलं माणूस तपासणीला निघालं, तर त्याच्याबरोबर जा. बुवांच्या रांगेत मी पाहिली, ती बहुतेक माणसं एकटीच आलेली होती.