मानाचं वस्त्र

"काका, ते मानाचं वस्त्र गुंडाळायच्या आधी तुमच्या अंगावर काय होतं?"

एवढंच विचारायचं होतं, पण भरल्या हॉलमध्ये, माईक हातात घेऊन. आर्या आणि कादंबरी या दोन मैत्रिणींनी इराला सकाळपासून डिवचलं होतं. "ही नाही विचारणार," आर्या म्हणाली, "आमच्यासमोर वाघीण आणि काका दिसले की म्याँव." कादंबरीने वर मीठ चोळलं. "मागच्या वेळी काय केलं हिने? बाथरूममध्ये जाऊन रडली."

रडली होती हे खरं. पण ती मार्चमधली इरा. ऑगस्टमधली इरा वेगळ्याच मातीची होती, आणि ती माती शिरीषकाकांनी स्वतःच्या हातांनी मळून दिली होती.

मार्चमध्ये काय झालं ते आधी ऐका. या परदेशी शहरातल्या मराठी मंडळाची सहल ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर होती. इरा शाळेच्या पोहण्याच्या टीममध्ये, रिलेचा शेवटचा टप्पा तिचा. सकाळची प्रॅक्टिस उरकून ती थेट तिकडेच आली, टीमच्या काळ्या स्विमसूटवर टीशर्ट आणि शॉर्ट्स चढवून. सुलेखामावशीच्या छोट्या अनीशचा चेंडू लाटांबरोबर आत निघाला आणि पोराने भोकाड पसरलं. इराने टीशर्ट-शॉर्ट्स वाळूत टाकले, पोहत गेली, चेंडू आणून दिला. सुलेखामावशीने तिला पोह्यांची दुसरी बशी दिली. गोष्ट एवढीच.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांचा, म्हणजे शिरीषकाकांचा मेसेज आला. 'आज सहलीत एक मुलगी, कुणाची ते मी ओळखत नाही, वडीलधाऱ्यांसमोर पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत वावरली. देश सोडला म्हणून लाजही सोडायची का? पालकांनी विचार करावा.'

कुणाची ते मी ओळखत नाही. ज्या माणसाने त्याच ईस्ट कोस्टच्या रस्त्यावर इराच्या सायकलचं सीट धरून तिला सायकल शिकवली, ज्याच्या मरीन परेडच्या घरी तिने दर दिवाळीला चकल्या पाडल्या, तो माणूस लिहितो, ओळखत नाही. मेसेजखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. चेंडू कुणी आणून दिला, हे मात्र एकानेही लिहिलं नाही.

इराचे बाबा, प्रबोध, बँकेत भल्याभल्या साहेबांना पुरून उरतात, पण मंडळाच्या ग्रुपपुढे त्यांचं पाणी पाणी होतं. त्यांनी परस्पर कोचला कळवून टाकलं की इरा आता टीममध्ये नसेल. आई म्हणाली, "जाऊ दे गं, लोकांच्या तोंडाला कोण लागणार." इरा रडली. मग रडणं संपलं आणि पोटात काहीतरी हळूहळू घट्ट होऊ लागलं, विरजण लावलेलं दूध कसं कुणी न ढवळता ठेवलं की घट्ट होतं, तसं.

जूनच्या सुट्टीत इराचं आणि काकांचं अशी दोन्ही घरं पॅसिफिकमधल्या नुआलेई नावाच्या बेटावर गेली. तिकिटं सहलीच्या आधीच काढलेली होती, नाहीतर इरा काकांबरोबर लिफ्टमध्येसुद्धा चढली नसती. काका आणि शुभदाकाकू रिसॉर्टवर उतरले. इराच्या घरच्यांनी गावात लोसा नावाच्या बाईंच्या घरी खोली घेतली.

बेट पक्कं ख्रिस्ती. किनाऱ्यावरच पाटी होती: गावात अंगभर कपडे, रविवारी पोहणं बंद. आता मजा बघा, इराला हे मुळीच खुपलं नाही. कारण तिथे बाईला एक आणि बुवाला एक असं माप नव्हतं. दांडगे दांडगे मच्छीमारसुद्धा गावाची वेस आली की होडीत गुंडाळून ठेवलेला शर्ट काढून अंगात घालायचे. इराने पहिल्याच दिवशी फुलाफुलांचं कापड घेतलं, टीशर्टखाली कमरेला गुंडाळलं आणि गावातल्या मुलींबरोबर पाण्यात मनसोक्त डुंबली. सगळ्यांना सारखं असेल तर कापडाचं ओझं होत नाही, हे तिला तिथे पाण्यात कळलं.

आदल्याच आठवड्यात बेटावर एक प्रकरण घडलं होतं. एक शिडाची बोट आली होती. तिच्यावरचे प्रवासी वयाने मोठे, वागायला सभ्य, फक्त सुट्टीत कपडे हा प्रकार न मानणारे. जगात असे क्लब असतात म्हणे, निसर्गाच्या जवळ जायचं म्हणून कपडे घरी ठेवून प्रवास करणारे. किनारा रिकामा दिसला म्हणून ही मंडळी उतरली. किनारा रिकामा होता, कारण रविवार होता आणि अख्खं गाव चर्चमध्ये होतं. प्रार्थना सुटली, आणि बायकांनी छत्र्या उगारून त्यांना बोटीपर्यंत पिटाळलं. छत्रीवाल्यांची पुढारी आपल्या लोसाबाई. "त्यातला एखादा मागे राहिला असेल," त्या इराला सांगत, "माझं लक्ष आहे."

मग या मंडळींचा रविवार उजाडला. सगळे चर्च बघायला जाणार होते. लोसाबाईंना वेदीवर फुलं मांडायची होती, म्हणून इरा त्यांच्याबरोबर लवकर निघाली. पायऱ्यांपाशी पोचतात तो समोरून शिरीषकाका. अनवाणी. कमरेला जांभळा रेशमी कद, खांद्यावर चिंचोळं उपरणं, कपाळाला गंध, बाकी अंग उघडं. काका पूजेचं सोवळं प्रवासातही बरोबर नेतात. देवाचं दार ते देवाचं दार, तिथे शिवलेला कपडा चालत नाही, ही त्यांची पक्की समजूत. आपल्याकडे गाभाऱ्यात शिरताना शर्ट काढतात, तसा त्यांनी काढला होता. माणूस भक्तिभावाने आला होता. हे इराला बघताक्षणी कळलं. पायऱ्यांवरच्या बायकांना कळायचं काही कारण नव्हतं.

छत्र्या वर गेल्या.

"अगं इरा, सांग गं यांना," काका हात जोडत म्हणाले.

लोसाबाई वळल्या. "हा तुमच्यातला की त्या बोटीतला?"

इराने काकांकडे बघितलं. कद, उपरणं, घाबरलेले डोळे. दही आता चांगलं लागलं होतं, नुसतं वाढायचं राहिलं होतं.

"कुणाचा ते मी ओळखत नाही," ती म्हणाली. शब्द न शब्द तोच, फक्त इंग्रजीत.

मग काय विचारता. दोन धिप्पाड बायकांनी काकांना लाल जास्वंदीच्या कापडात काखेपासून घोट्यापर्यंत गुंडाळलं आणि बाकावर आपल्या दोघींच्या मधे बसवलं. उठायचा प्रयत्न केला की दोन्हीकडून कोपर. पाद्रीबुवांनी वाट चुकलेल्या उघड्या प्रवाशांसाठी खास प्रार्थना घेतली, तेव्हा सगळं चर्च प्रेमाने काकांकडे बघत होतं. काकांनी मान खाली घातली, ती बायकांना पश्चात्तापाची वाटली. एकीने त्यांचा हात थोपटला.

आईबाबा आणि शुभदाकाकू उशिरा पोचले. तोवर काकांनी चेहरा जागेवर आणला होता. "गावाने मानाचं वस्त्र दिलं," ते म्हणाले. काकूंनी कौतुकाने फोटो काढला. लोसाबाईंना तेव्हा सगळा उलगडा झाला. त्यांनी डोळे बारीक केले. "ओळखत नाहीस म्हणालीस."

"तेव्हा ओळखत नव्हते," इरा म्हणाली. रात्री लोसाबाईंनी इराच्या ताटात मासा जरा छोटाच वाढला.

काका मात्र याबद्दल गप्प राहिले. राहणारच. इराची तक्रार करायची म्हणजे आपण का अडकलो ते सांगायला हवं.

तर ऑगस्ट. मरीन परेडच्या कम्युनिटी क्लबचा हॉल, रविवारची दुपार, काकांचं 'पॅसिफिकमधली संस्कृती' या विषयावर भाषण आणि भिंतीवर फोटो. इराचं लक्ष मात्र दुसऱ्या दिवसावर. कोचने तिची रिलेतली जागा अजून कुणाला दिली नव्हती, सोमवारपर्यंत वाट बघते म्हणाली होती. बाबा हो म्हणतील तर जागा होती. आणि जोवर मंडळात काकांचा शब्द शेवटचा होता, तोवर बाबा हो म्हणणार नव्हते.

भिंतीवर जास्वंदीत गुंडाळलेले काका उमटले, भिंतभर.

"बघा," काका म्हणाले, "त्या लोकांना शालीनता म्हणजे काय ते कळतं. परक्या पाहुण्यालाही मानाचं वस्त्र देऊन अंगभर झाकतात. नाहीतर आपल्या मुली." त्यांची नजर इराच्या रांगेवरून फिरली. "असो. काही प्रश्न?"

ते 'असो' नसतं, तर इरा कदाचित बसून राहिली असती. आर्याने कोपराने ढोसलं, पण तोवर ती उठलेलीच होती. माईक थंडगार होता. तिने प्रश्न विचारला, जसा ठरला होता तसा.

"म्हणजे?" काका म्हणाले.

"म्हणजे कापड मिळायच्या आधी. शर्ट होता का?"

"बाळ, आपण देवाकडे सोवळ्यात..."

"म्हणजे नव्हता."

मागे कुणीतरी फुसकन हसलं. पहिल्या रांगेतून शुभदाकाकूंचा आवाज आला, "अहो, तरी मी इस्त्रीचा शर्ट पलंगावर काढून ठेवला होता. तिथे शर्ट चालत नाही म्हणालात."

"तू थांब जरा," काका म्हणाले आणि मग अध्यक्षाला शोभेल असं हसले. "हो, नव्हता शर्ट. देवाकडे जायचा आपला वेशच तो आहे. ज्या जागेचा जो वेश, त्यात लाज कसली?"

हॉलने माना डोलावल्या. काका सुटलेच होते. हसून, खांदे उडवून, एक गमतीचा किस्सा होऊन सुटणार होते, आणि इराच्या डोक्यात तिडीक गेली ती त्यामुळेच. काकांचं उघडं अंग किस्सा, आणि तिच्या स्विमसूटवर अख्ख्या ग्रुपची पंचायत.

"तेच म्हणतेय मी काका. पाण्यात जायचाही वेश ठरलेला असतो. अनीशचा चेंडू आणायला मी पैठणी नेसून जायला हवं होतं का?"

सुलेखामावशी मोठ्याने हसली, आणि मग तिला स्वतःलाच आवरेना. काकांचा चेहरा जास्वंदीच्या रंगावर गेला.

"हिला विचारा हिने काय केलं," ते म्हणाले. "त्या बायकांनी मला त्या उघड्यानागड्या बोटीतला समजून धरलं, छत्र्या उगारल्या, आणि ही कार्टी तिथे उभी राहून म्हणते, ओळखत नाही."

मानाचं वस्त्र काकांनी स्वतःच्याच हाताने सोडलं होतं. बाबा वळून इराकडे बघत होते.

"हो, म्हणाले," इरा म्हणाली. "वाक्य तुमचंच आहे काका. ग्रुपवर अजून आहे. मी फक्त भाषांतर केलं."

हसणारे हसले. "फार आगाऊ झालीय," असंही दोघीतिघी पुटपुटल्या. मग कुणीतरी म्हणालं, चहा घ्या, चहा घ्या, आणि मंडळाने नेहमीप्रमाणे चहात सगळं बुडवलं. काका कपाकडे बघत उभे होते. इराला वाटलं होतं, त्यांना असं बघून पोट भरेल. भरलं, पण शिगोशीग नाही. अजून थोडी जागा होती.

सेंगकांगला मेट्रोतून उतरून तिघं एलआरटीत, म्हणजे घरापाशी नेणाऱ्या छोट्या गाडीत बसली. बाबा सगळा रस्ता एकच वाक्य घोळवत होते, "घरी गेल्यावर बोलू." आई खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती, हे इराने काचेत बघून घेतलं. इराने ठरवलं, घरी नाही. घरी दारं असतात, बाबांचा आवाज असतो. एलआरटीत बाबा कुजबुजतात.

"परक्या गावात तू त्यांना तसं सोडून दिलंस," बाबा शेवटी कुजबुजलेच. "मोठ्या माणसाला. वाईट नाही वाटलं?"

"प्रार्थना लांबली तेव्हा थोडं वाटलं," इरा म्हणाली. "पण बाबा, त्या दिवशी काकांनी लिहिलं, कुणाची ते ओळखत नाही. तू वाचलंस. तू पण लिहिलं नाहीस की माझी आहे म्हणून. तू कोचला मेसेज केलास."

आईचे खांदे थांबले. गाडी वळणावर कलली, समोरच्या इमारतींच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे सरकत गेले, लहान-मोठे, बायकांचे, पुरुषांचे, सगळे एकाच काठीवर.

"ऐका दोघं," इरा म्हणाली, आवाज न चढवता, कारण आता चढवायची गरज नव्हती. "उद्या शाळा सुटली की मी कोचकडे जातेय. शेवटचा टप्पा माझा आहे, तो मी घेणार. टीमचा जो स्विमसूट आहे तोच घालणार. काकांची माफी मागणार नाही. आणि बाबा, ग्रुपवर आता तू लिहायचंस, ती मुलगी माझी होती. आज लिही, उद्या लिही. नाही लिहिलंस तरी मी उद्या पाण्यात असेन."