उरलेल्या मलमाची कैफियत

मी एक जुनी, चेपलेली मलमाची ट्यूब आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्यावर एक आळ आलेला आहे आणि तो खोडून काढल्याशिवाय मी काही कचऱ्यात जाणार नाही.

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. जिकडे तिकडे लाल धूळ. भंडाऱ्याकडून आलेला शेषराव तिथे अवजड लोखंड दोराने बांधून वर चढवायचं काम करी. त्याला क्रेन चालवायची होती. साहेबांनी नावही लिहून घेतलं होतं, फक्त डोळ्यांची तपासणी बाकी होती. नेमका तेव्हाच त्याचा उजवा डोळा सुजला आणि त्यातून पू येऊ लागला.

डॉक्टरांनी मला त्याच्या हातात ठेवलं. "सात दिवस, रोज तीनदा. बरं वाटलं तरी थांबायचं नाही." मी तेव्हा नवी, ताठ, तुकतुकीत होते. तिसऱ्याच दिवशी डोळा उघडला. केवढा अभिमान वाटला मला!

तेवढ्यात शेषरावच्या बायकोने, अन्नपूर्णेने, माझं झाकण घट्ट लावलं. "डोया तं बरा झाला. कावून नासवता? ठेवून देऊ, कोनाच्या कामी येईन."

ती मनाने वाईट नव्हती. मीठ असो, विरजण असो, शेजारणीला नाही म्हणायचं नाही, अशीच तिथली रीत. शेजारच्या ठकूबाईने मला दोन दिवस नेलं. मग अन्नपूर्णेच्या लेकीला, नलूला लावलं. लाली गेली की मी परत कोनाड्यात. दुबळे जंतू मरत, चिवट तेवढे उरत आणि बोटाला, टॉवेलला लागून पुढच्या डोळ्यात जात. मी ओरडत होते, अजून संपलेले नाहीत! पण ट्यूबचं ऐकतो कोण?

फिरून ते चिवट जंतू शेषरावच्याच उजव्या डोळ्यात आले. मी जीव तोडून लढले, पण आता ते मला भीक घालेनात. शेषरावने मला भिंतीवर फेकलं. "खोटं औषध हाय हे!"

खोटं? मी? डॉक्टरांनी पू तपासायला नागपूरला पाठवला आणि दुसरं, जास्त कडक औषध सुरू केलं. म्हणाले, "औषध खोटं नव्हतं. तुम्ही अर्ध्यावर सोडलंत आणि चिवट जंतू शिल्लक ठेवलेत." डोळा वाचला, पण त्यात फूल पडलं; बुबुळावर पांढरा डाग राहिला आणि दिसेनासं झालं. क्रेनवर दुसराच माणूस चढला. कारखान्याची पहिली भट्टी पेटली तेव्हा शेषराव खाली उभा राहून एका डोळ्याने ती बघत होता.

अन्नपूर्णेने मला उचलून खिळ्याला टांगलं. पुढच्या वर्षी नलूच्या डोळ्यातून पू आला, नवी ट्यूब आली. तिसऱ्या दिवशी डोळा स्वच्छ झाला आणि ठकूबाई लाल डोळे घेऊन दारात हजर.

"उरलं असन तं दे वं."

"नाही देत. सात दिवस झाल्याबिगर झाकन लागनार नाही. चाल, तुले दवाखान्यात नेतो."

"बोटभर मलम जड झालं तुले?" ठकूबाई फणफणली.

अन्नपूर्णेने आधी माझ्याकडे बोट दाखवलं, मग शेषरावच्या डोळ्याकडे. ठकूबाई चपला घालून तिच्यासोबत दवाखान्यात निघाली.

मित्रांनो, शाळेच्या निबंधांत जुन्या छत्र्या, जुनी दप्तरं तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी नाही विनवणार. डॉक्टर सांगतील तितके दिवस मला वापरा, कुणाला वाटून देऊ नका आणि मग खुशाल फेकून द्या. फक्त मला खोटी म्हणू नका.