पटावरचा बारावा

रॉकेलचा डबा घेऊन शिपाईबाईचा दीर शाळेच्या ऑफिसात शिरला, तेव्हा ती कपाटापुढे ठाण मांडून उभी होती. पट घटला म्हणून शाळा बंद करून पलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत मिळवायचा हुकूम आला होता. सामान न्यायला दुपारी त्या गावचा टेम्पो यायचा होता. त्याआधी शाळा जाळायची, असं दिराने आणि सात-आठ जणांनी ठरवलं होतं. अंगणात बाकं फोडायला सुरुवातही झाली होती. हेडमास्तर मध्ये पडले, तर त्यांना ढकललं; ते पायरीवर फुटलेलं डोकं धरून बसले होते.

ज्यांनी बापाला मारलं, त्यांच्या घशात बापाची शाळा घालायची नाही, एवढंच दिराचं म्हणणं.

ते खोटं नव्हतं. शाळा मंजूर व्हायला बारा मुलं लागत होती, भरली अकरा. तेव्हा बाईचे सासरे, चांगले लग्न झालेले गवंडी, मिशा काढून पहिल्या बाकावर जाऊन बसले. तपासणीला आलेल्या साहेबांनी वय विचारलं तर म्हणाले, अंगाने जरा लवकर भरलो. गाव पोट धरून हसलं. पण पलीकडच्या गावाला शाळा त्यांच्याकडे हवी होती. ते पहारी घेऊन आले आणि सासऱ्यांनी रचलेली शाळेची भिंत सासऱ्यांवरच लोटली. दीर तेव्हा आईच्या पोटात होता. घरात बापाचा फोटोसुद्धा नव्हता.

"भावोजी, जनरल रजिस्टर तेवढं काढू द्या. त्यात मामंजी आहेत."

"कागदात कुठे बाप असतो, वहिनी?"

त्याने तिला खांद्याला धरून भिरकावलं. कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. डोळ्यातलं रक्त पुसेपर्यंत कपाटावर रॉकेल ओतून झालं होतं आणि तो काडी ओढत होता.

बावीस वर्षं ज्या लोखंडी टोल्याने ती घंटा देत होती, तो दारामागे खिळ्याला होता. तिने देवाचं नाव घेतलं आणि टोला त्याच्या मनगटावर घातला. हाड कडकन मोडलं. त्याने डाव्या हाताने काडेपेटी उचलली. तिने दुसरा टोला गुडघ्यावर दिला. तो कोसळला.

मग तिने रजिस्टर काढून पहिलं पान त्याच्यापुढे धरलं. क्रमांक बारा. शेजारी बापाची वेडीवाकडी सही. शाळा सोडल्याचे कारण: भिंतीखाली मयत.

त्याने सहीवर बोट न्यायला घेतलं. बोट रॉकेलने ओलं होतं. ते अर्ध्यावरच थांबलं.

तेवढ्यात अंगणातल्या कुणीतरी फेकलेलं, दगडाला गुंडाळलेलं पेटतं फडकं खिडकीची काच फोडून आत आलं. तो कण्हत पुढे सरपटला आणि उघड्या तळहाताने दाबून त्याने ते विझवलं. कातडी जळाल्याचा वास खोलीभर पसरला.

"वहिनी," तो दात आवळून म्हणाला, "घंटा द्या."

ती व्हरांड्यात गेली आणि रक्ताळलेल्या टोल्याने तिने घंटा दिली. अंगणातले सगळे याच शाळेत शिकलेले. कुऱ्हाडी सवयीने थांबल्या.