खड्डे घासलेली मूठ

काचेआडून बोलतेय, म्हणून जरा आवाज चढवते. राग मानू नका. अर्थात मानलात तरी आता माझं काय बिघडणार आहे!

मी एक मूठ आहे. किल्लीला बसवायची लाकडी मूठ. आकारानं कोंबडीच्या अंड्याहून थोडी मोठी, जरा लांबट. पोटात एक खाच आहे, तिच्यात किल्लीचं डोकं बसतं आणि पितळेचा एक स्क्रू ते घट्ट धरून ठेवतो. ज्यांची बोटं वाकडी झालीत, चिमटीत जोर उरला नाही, त्यांनी मला अख्ख्या पंज्यात धरायचं आणि मनगटानं फिरवायचं. कुलूप लागतं. एवढंच माझं काम. हे काम मी आयुष्यात नऊ दिवस केलं. उरलेली अडीच वर्षं या कपाटात बसून आहे, आणि माझ्या डोक्यावर पाटी आहे : ‘कृपया हात लावू नये.’

हातासाठी केलेल्या वस्तूवर ही पाटी! लावणाऱ्याला जराही हसू आलं नसेल का?

माझा जन्म याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या कार्यशाळेत झाला. ‘रोजच्या वापरातली एखादी अडचण शोधा आणि ती दूर करणारी वस्तू करा,’ असं विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. माझा कर्ता शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या केसांत कायम लाकडाचा भुसा असायचा, म्हणून मित्रांनी त्याचं नावच भुसा ठेवलं होतं. पोरगा मनानं चांगला, हातानं त्याहून चांगला. त्याच्यावर माझा राग आहे, पण रागापोटी खोटं बोलायची माझी इच्छा नाही : त्यानं मला प्रेमानं घडवलं.

सुरुवात मात्र सगळे करतात तशीच केली. दोन-दोन हातमोजे चढवले, बोटांना पट्ट्या गुंडाळल्या आणि ‘आता आम्ही म्हातारे झालो’ म्हणत किल्ल्या फिरवून पाहिल्या. त्यातून माझ्या आधीच्या तिघी झाल्या. चौकोनी, देखण्या. त्या घेऊन भुसा सिस्टरांकडे गेला.

सिस्टर म्हणजे इथून चालत वीस मिनिटांवरच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढलेल्या. संधिवातानं दोन्ही हातांची बोटं एका बाजूला कलली होती, वाऱ्यानं झुकलेल्या गवतासारखी. त्यांनी तिघींना एकेक करून हातात घेतलं आणि एकेक करून खाली ठेवलं. मग विचारलं, “चाचणी कशी केलीत रे?”

भुशानं हातमोज्यांचं सांगितलं.

“अस्सं. हातमोजे घालून म्हातारं होता आलं असतं, तर संध्याकाळी ते काढून मी तरुण झाले असते. तुला हात हवाय ना? मग हा बघ.”

भुशाचा चेहरा उतरला. पण शहाणा होता. दुसऱ्या दिवशी ओल्या मातीचा गोळा घेऊन आला आणि म्हणाला, “सिस्टर, हा दाबा. दुखेल तिथं थांबा.” त्यांनी दाबला. चार बोटांचे चार खड्डे उमटले, वाकडे, कमीजास्त खोल, आणि अंगठ्याचा पाचवा. त्या गोळ्यावरून त्यानं मला कोरलं. म्हणजे मी नुसती लाकडाची नाही. मी सिस्टरांच्या हाताची रिकामी जागा आहे.

मग ते नऊ दिवस आले.

सिस्टरांची अडचण कुलपाची नव्हती, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. दाराचं कुलूप जुनं, दोन वेढे द्यावे लागायचे. समोरच्या दुकानातला शिंपी रोज येऊन ते लावून द्यायचा. माणूस भला. पण कुलूप लावून घ्यायचं म्हणजे सांगणं आलं. “आज कुठं दौरा, सिस्टर? परत कधी? उशीर होईल का? मी सहाला बंद करतो बरं का.” ज्या बाईनं एकतीस वर्षं वॉर्ड हलवला, तिला दूध आणायला जाताना वेळापत्रक द्यावं लागत होतं. मग त्या जाणंच कमी करत गेल्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, “मला कुठं जायचंय आता!”

पहिल्या दिवशी त्यांनी मला किल्लीवर चढवलं, भाजी चिरायच्या सुरीच्या टोकानं स्क्रू पिळला. सुरी सटकली आणि स्क्रूच्या डोक्यावर तिरका ओरखडा उठला. ओरखडा लक्षात ठेवा, पुढं लागेल. मग दाराबाहेर उभ्या राहून कुलूप लावलं. खटक, खटक. उघडलं. पुन्हा लावलं. असं पाच वेळा. समोरची शिलाईमशीन थांबली.

“सिस्टर, कुलूप कुणी लावलं?”

“मी.”

“मी म्हणजे?”

“मी म्हणजे मी. तू तुझी बाही शिव, उलटी लागेल.”

“पण चाललात कुठं?”

“सांगणार नाही!” असं म्हणून त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. काम काहीच नव्हतं. सांगायचं नव्हतं, एवढंच काम होतं.

त्यानंतर रोज निघालो. एकदा जुन्या मैत्रिणीकडे, एकदा वाचनालयात, एकदा नुसतंच बाकावर बसायला. मी त्यांच्या पिशवीत, रुमालात. माझ्यावर तेलाचा एक डाग पडला, पायरीवर आपटून एक टवका गेला. वस्तूच्या अंगावर असे डाग पडले की समजावं, तिचं घर वसलं.

नवव्या दिवशी भुसा आला. “सिस्टर, परीक्षेला दाखवायची आहे. चार दिवसांत परत आणून देतो.”

“नक्की ना रे?”

“नक्की म्हणजे काय! तुमचीच आहे ती.”

सिस्टरांनी मला धुऊन, पुसून, घडी केलेल्या रुमालात ठेवून दिलं. बाळंतिणीच्या हातात बाळ देतात तसं.

कार्यशाळेत भुशाच्या एका मित्रानं मला पाहिलं आणि नाक मुरडलं. “असली कळकट घेऊन जाणार? फोटोत घाण दिसेल. जरा हात मार की.”

आणि भुशानं पॉलिश पेपर घेतला. आधी जाड, मग मध्यम, मग बारीक. डाग गेला. टवका गेला. त्याच्या मागोमाग खड्डेही चालले. पहिल्या बोटाचा उथळ झाला, दुसऱ्याचा पुसट, करंगळीचा तर साफ बुजला. ज्या खुणांसाठी त्यानं तीन मुठी फेकल्या होत्या, त्या त्यानं स्वतःच्या हातानं दुपारभरात उतरवल्या, आणि वर चकचकीत रोगण चढवलं. त्याला कळलं नसेल? वाटतं, मध्येच एकदा कळलं. त्याचा अंगठा एका खड्ड्यावर थबकला होता. पण तोवर उशीर झाला होता आणि फोटोवाला दारात उभा होता.

परीक्षकांनी मला तळहातावर घेतलं. सगळे धडधाकट हात. “वा, किती गुळगुळीत!” पहिलं बक्षीस मिळालं. मागच्या फलकावर सिस्टरांच्या हातांचा मोठा फोटो लागला. चेहरा नाही, नाव नाही. ‘वापरकर्ती : स्त्री, वय ७१.’ वर ठळक अक्षरांत, ‘सर्वांसाठी रचना’.

बक्षीसपात्र वस्तू संस्थेची होते, असा इथला नियम. तिला नोंदवहीत क्रमांक मिळतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात जागा. भुशानं मला परत मागितलं, हेही नोंदवून ठेवते. उत्तर मिळालं, “दुसरी करून दे ना, तुला काय अवघड!” खरंच अवघड नव्हतं. तो म्हणाला, करतो. मग दूरच्या गावी नोकरी लागली, आणि ‘करतो’ तिथंच राहिलं. जगातली निम्मी माणसं या एका शब्दावर वाट बघत बसली आहेत.

कपाटात माझ्या शेजारी न सांडणारा पेला आहे, त्यात कधी पाणी पडलेलं नाही. एका हातानं उघडायची छत्री आहे, ती मिटूनच असते. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. काय बोलणार? पाहुणे येतात, मान हलवतात, ‘समाजाभिमुख’ वगैरे म्हणतात आणि चहाला जातात. खाली दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधलाय, त्यावर शोभेच्या कुंड्या ठेवल्यात. यावर इथं कुणी प्रकल्प करत नाही.

माझी विचारपूस करणारं माणूस एकच : कपाटाची किल्ली सांभाळणारे मामा. त्यांचा उजवा अंगठा जुन्या यंत्रात सापडून जायबंदी झालाय. वर्षातून एकदा, प्रदर्शनाच्या दिवशी, ते कपाट उघडून धूळ झटकतात. कपाटाचं कुलूपही जड आहे. दातओठ खात किल्ली फिरवतात आणि म्हणतात, “काय गं, बरंय ना तुझं? बसून खातेस.”

यंदाच्या प्रदर्शनाला सिस्टर आल्या.

निमंत्रणपत्रिकेवर माझा फोटो छापला होता. ती शिंप्याच्या दुकानात कुणाच्या तरी कोटाच्या खिशात निघाली आणि त्यानं ओळखून सिस्टरांना नेऊन दिली. लिफ्ट त्या दिवशी प्रमुख पाहुण्यांसाठी राखीव होती. सिस्टर तीन जिने चढून आल्या, धापा टाकत काचेसमोर उभ्या राहिल्या आणि वाकड्या बोटाच्या पेरानं टकटक केलं. दोन वर्षांत माझ्यासाठी कुणी दार वाजवलं नव्हतं.

“भाऊ, हे उघडा. ती माझी मूठ आहे.”

“बाई, हात लावायचा नाही असं लिहिलंय,” मामा म्हणाले.

“वाचलं. ज्यांनी लिहिलं त्यांनी माझा हात मोजून नेलाय. हा बघा, फोटो माझाच आहे.” आणि त्यांनी दोन्ही हात फलकावरच्या हातांशेजारी धरले.

मामांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा हातांकडे. मग किल्ली काढली आणि दातओठ खात कपाट उघडलं.

सिस्टरांनी मला उचललं. पंजा मिटला. आणि मी निसटले. पुन्हा धरलं, पुन्हा निसटले. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “ही ती नाही.”

माझं बोलणं त्यांना ऐकू जात असतं तर इमारत दणाणून सोडली असती. मीच आहे ओ, मीच! त्यांच्या तळहातावर मी होते आणि इतकी एकटी मी कपाटातही कधी नव्हते.

मग त्यांची नजर स्क्रूवर गेली. पितळेवर पॉलिश पेपर कुणी फिरवला नव्हता. तिरका ओरखडा तसाच होता. त्यावर त्यांनी नख फिरवलं.

“तूच आहेस की गं! तुझे खड्डे कुणी काढले?”

त्यांनी पर्समधून जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी काढली. ती सोडायला मामांनी मदत केली. बोटांच्या मधल्या जागी उंचवटे येतील अशी, एकेक वेढा मोजून, सिस्टरांनी मला पट्टी बांधली. मग कपाटाची किल्ली माझ्या खाचेत बसवून कुलूप फिरवलं. खटक. खटक.

“आता तुम्ही बघा,” त्या मामांना म्हणाल्या.

मामांनी जायबंदी अंगठा बाजूला ठेवून पंज्यानं फिरवलं. कुलूप उघडलं. मामा हसले, लहान मुलासारखे. “आयला! दोन वर्षं इथंच होती की ही!”

तेवढ्यात विभागप्रमुख सर आले. गोड बोलणारे गृहस्थ. “आजी, तुमचं स्वागत आहे—”

“आजी नको. सिस्टर म्हणा. ही मी घेऊन जाते.”

“तसं नाही करता येत. नोंदवहीत आहे ती. पण तुमच्यावर सुंदर व्हिडिओ केलाय आम्ही, तो पाठवतो ना.”

“व्हिडिओनं कुलूप लागतं का?”

सर हसले, कारण रागवण्यासारखं त्यात काही सापडलं नाही. म्हणाले, “अर्ज द्या. समितीपुढं ठेवू.”

सिस्टरांना लिहिता येत नाही, बोटांमुळं. त्यांनी सांगितलं आणि मामांनी अर्ज लिहिला. चारच ओळींचा. पेन कसंबसं धरून सही केली, तोच त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

“निघायला हवं. शिंप्याचं दुकान आज बंद आहे. दार नुसतं ओढून घेऊन आलेय.”

त्यांनी मला सरांच्या हातात दिलं नाही, मामांच्या दिलं. आणि भराभर जिना उतरून गेल्या. उतरताना एका पायरीवर थांबल्या असाव्यात, पावलं थांबल्याचं ऐकू आलं. मग पुन्हा सुरू झाली.

याला पाच महिने झाले. समिती बसलेली नाही. पट्टी काढून टाका, असं सरांनी दोनदा सांगितलं. मामा दोन्ही वेळा म्हणाले, “गोंद पक्का आहे, सर. निघत नाही.” मामांचं हे खोटं मला फार प्रिय आहे. या काचेआड माझ्या अंगावर सिस्टरांचं म्हणावं असं ती पट्टी आणि तो ओरखडा, तेवढंच उरलंय.

वीस मिनिटांवर एक दार आहे. आज ते ओढून घेतलेलं असेल, किंवा त्यामागं सिस्टर बसल्या असतील आणि म्हणत असतील, मला कुठं जायचंय आता. ज्या दाराला कुलूप हवंय त्याला ते लागत नाही, आणि मला इथं दोन कुलपं आहेत, एक कपाटाला, एक दालनाला.

तुमच्यापैकी कुणी या दालनात आलात, तर माझं कौतुक करू नका. अर्ज कुठल्या खणात आहे ते विचारा. तेही जमणार नसेल तर फलकावर मापं दिलेली आहेत, ती उतरवून घ्या. वीतभर लाकूड, एक स्क्रू आणि ओल्या मातीचा गोळा पुरतो. माती घेऊन त्या गल्लीत जा, दार वाजवा, आणि म्हणा, सिस्टर, हा दाबा, दुखेल तिथं थांबा.

आणि मूठ झाली की घासू नका.