संध्याकाळचे फोन

टॅबच्या काचेवर एक केस चिकटला होता — पांढरा, टोकाशी किंचित वळलेला — आणि तिला आधी वाटलं की काचच तडकली. तिनं बोटानं पुसला, तो गेला नाही. बाहीनं पुसला, तर सरकून नेमका त्या निळ्या चौकोनावर जाऊन बसला, जिथे लिहिलं होतं : 'मोफत वापर आज संपतो. पुढे चालू ठेवायचं?' खाली ठळक 'हो'. त्याच्याखाली फिकट अक्षरांत, कुणाच्या नजरेस पडलं नाही तर बरंच अशा बेतानं, 'नको'.

केस सरदारचा होता, इथल्या पांढऱ्या कुत्र्याचा. सरदार जिथे जातो तिथे आपली अशी पावती ठेवूनच जातो. पण केस कुणाचा हे कळून निळ्या चौकोनाचं काही होत नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत हो की नको ते ठरवायचं होतं, आणि दुपार तर झालीच होती.

घरामागच्या अंगणात जाळीच्या दारांच्या खोल्यांची एक रांग, तिच्या टोकाला हे छोटं ऑफिस, आणि ऑफिसाला लागून, मध्ये फक्त प्लायवूडची भिंत घालून काढलेली ताईची, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या थोरल्या बहिणीची, खोली. एवढंच त्यांचं कुत्र्यांचं पाळणाघर. गावाला जाणारी माणसं आपली कुत्री इथे ठेवून जात, आणि आल्यावर परत नेत. एवढ्याशा कामाला सॉफ्टवेअर कशाला, असं तीही म्हणायचीच... त्या सकाळपर्यंत. फाटकाशी दोन कुटुंबं, दोन कुत्री, आणि रिकामी खोली एकच. दोघांनाही फोनवर तिनंच 'हो हो, या की' म्हटलेलं. दोन्ही नवरे एकमेकांकडे आणि दोन्ही बायका तिच्याकडे बघतायत, आणि तिला वाटतंय, आत्ता ही जमीन जरा उघडली तर किती सोयीचं होईल. तेवढ्यात ताई बाहेर आली, त्यातल्या थोराड कुत्रीच्या कानामागे खाजवलं आणि म्हणाली, "ही माझ्या वर्गात." म्हणजे तिच्या खोलीत, तिच्या पलंगाखाली. कुत्री सबंध आठवडा तिथे राहिली, आणि घोरायची इतकी, की ताई म्हणाली, "बरंय, माझं घोरणं तरी झाकलं जातं."

हे कळल्यावर प्राण्यांचे डॉक्टर पोट धरून हसले होते. "बाई, सगळं डोक्यात किती दिवस ठेवणार? डोकं आहे की गोदाम? ते सॉफ्टवेअर घ्या एकदा."

घेतलं. आणि कबूल करायला हवं — ती मनाशी कबूल करतच होती — की ते चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही, त्याच्याबद्दल आदर वाटावा असं. राणीची थायरॉइडची गोळी ते विसरलं नाही. एका कुत्र्याची लस संपत आल्याचं त्यानं मालकाच्याही आधी सांगितलं. कुरकुर नाही, रुसणं नाही, 'मी मघाशीच म्हटलं होतं' हे ऐकवणं नाही. आणि जागा नसली की लाल चौकट. त्या चौकटीच्या आधारानं आयुष्यात पहिल्यांदा ती एका गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणाली. "मी नाही हो म्हणत, कॉम्प्युटर नाही म्हणतोय," असं म्हणाली आणि फोन ठेवल्यावर किती तरी वेळ हलकी हलकी होऊन बसली. नाही म्हणणं इतकं सोपं असतं तर मी इतकी वर्षं काय करत होते...

मग अडत कुठे होतं? अडत होतं भिंतीपलीकडे.

आधी संध्याकाळची जेवणं उरकली की ताईच्या खोलीतला फोन वाजायला लागायचा. एकामागून एक. आमचा जेवला का, आमची रडत नाही ना. एक रिटायर्ड गृहस्थ तर आधी हवापाण्याचं बोलून घेत, मग आपल्या गुडघ्यांचं, आणि फोन ठेवता ठेवता, सहज आठवल्यासारखं, "आणि आमचा?" ताई म्हणायची, "तुमचा आज शेजारच्यावर डाफरला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण नंतर त्याच्याच जाळीला टेकून झोपला." भिंतीअलीकडे हिशेब करता करता तिला ऐकू यायचं. आवाज कधी चढत नसे, घाईत नसे. पहिलीतल्या पोरांना आयुष्यभर शिकवलेला आवाज. समोरच्याला कळेपर्यंत थांबणारा, आणि थांबल्याचं जाणवू न देणारा.

आता सॉफ्टवेअर रोज संध्याकाळी प्रत्येकाला फोटो पाठवतं, आणि खाली हिरव्या खुणा : जेवला, पाणी प्यायला, फिरला. मालक खूश. फोन गप्प. ताई नोकरी संपवून इथे राहायला आली तेव्हा तिचा एक वर्ग सुटला होता; आता मी 'हो' दाबलं की दुसराही सुटणार, तोही माझ्या हातानं. विचारलं तर ताई म्हणते, "छान आहे की, घे." पण ताईच्या 'छान'चा काय भरवसा? जन्मभर वाकड्यातिकड्या चित्रांना, तीन पायांच्या हत्तींना ती छान म्हणत आली.

जेवणाची वेळ झाली तसा रांगेत नेहमीचा गलका उठला. तिनं वाट्या भरल्या, एकेका जाळीतून आत सरकवल्या, हात धुतले, आणि ऑफिसात येऊन टॅबवर 'जेवला'च्या पुढचं 'सर्वांसाठी' दाबलं. एका बोटात सगळी रांग हिरवी. रोजचंच. मग पुन्हा तो निळा चौकोन उघडून बसली.

आणि भिंतीपलीकडे फोन वाजला.

किती दिवसांनी... ती सावरून बसली.

"हं, बोल बाळा. बिस्कीटची ताई ना तू? ... आला का फोटो? ... कान? कानाचं काय?" पलीकडून बरंच काही सांगितलं जात असावं. "म्हणजे कान असे पडलेले असले की त्यानं खाल्लेलं नसतं? असं होय. थांब हं. मी स्वतः बघून येते. फोन ठेवू नकोस."

ताईच्या चपला रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. बिस्कीटची वाटी... बिस्कीटच्या वाटीत मी बघितलं होतं का? कुणाच्याच वाटीत बघितलं नव्हतं. चपला परत आल्या.

"तुझं बरोबर आहे गं. वाटी तशीच आहे. खूण आमची चुकली." आवाजात ना सारवासारव, ना भिंतीअलीकडच्या कुणावर ठपका. "रडायचं का? रडलीस तरी चालेल, पण बोलत रडू या. मला सांग, शाळेच्या पहिल्या दिवशी डबा खाल्लास तू? ... झाकणसुद्धा उघडलं नाहीस! मग दुसऱ्या दिवशी? ... अर्धा. बघ. आता हे सांग, घरी तो खात नसला की तू काय करतेस? ... त्याच्याकडे पाठ करून बसतेस? का बरं? ... तो लाजतो! अगं, हे मला माहीतच नव्हतं. इतकी कुत्री पाहिली मी, मला कुणी सांगितलंच नाही. करून बघते, मग तुला फोन करते."

ती दारात जाऊन उभी राहिली. अंगणात ताई बिस्कीटच्या जाळीसमोर फरशीवर बसत होती. आधी एक हात जमिनीला, मग एक गुडघा, मग हुश्श करून दुसरा, आणि शेवटी जाळीकडे पाठ. समोरच्या भिंतीकडे बघत नुसती बसली. ना चुचकारणं, ना हाक. हे तिला कधीच जमलं नसतं. तिनं दोनदा तरी वळून पाहिलं असतं. ताई मात्र अशी बसली होती, जणू बसणं हेच काम आहे आणि ते नीट करायचं आहे. उजेड उतरत गेला. मग तिच्या पाठीमागे वाटी फरशीवर खरडली, थांबली, पुन्हा खरडली. ताईनं वळून पाहिलं नाही. फक्त हसली, समोरच्या भिंतीकडे बघून.

पोरीला फोन झाला. "तुझी युक्ती चालली हं!" आणि मग ताई ऑफिसच्या दारात, गुडघे चोळत.

"ताई, मी त्याला नको म्हणणार आहे. सॉफ्टवेअरला."

"का गं? एका वाटीपायी? पुढच्या वेळी बघून खूण कर, झालं."

"तसं नाही. तुझे फोन बंद झाले त्याच्यामुळे."

ताई हसायलाच लागली. "माझे फोन? अगं, त्या फोनांनी कान बधिर झाला होता माझा! रोज तेच, जेवला, झोपला, जेवला, झोपला. आता कुठे संध्याकाळची मला कुत्र्यांजवळ बसायला फुरसत मिळतेय. आणि तू काय माझी काळजी वाहत बसलीस? मला काय कुणी वाळीत टाकलंय?" तिच्या डोक्यावर एक टपली मारून ताई पुन्हा अंगणात गेली.

ती टॅबपुढे बसून राहिली. ताई खरं बोलत होती. त्या आवाजात 'छान'वाली माया नव्हती, चक्क वैताग होता. म्हणजे 'हो' दाबायला आता काहीच हरकत नव्हती, आणि तरी बोट उचलत नव्हतं... मग फोन हवे होते कुणाला?

लहानपणी ताई बाहेरच्या खोलीत शेजारची पोरं गोळा करून शिकवायची. ही फार लहान, मध्ये लुडबूड नको म्हणून आत ठेवलेली. दाराला कान लावून ती ऐकायची : चुकलं तरी चालेल, पुन्हा करू या... घाई नाहीये आपल्याला... असं कसं सुचलं गं तुला! तिच्या वाट्याला थेट आलेली ताई वेगळी — दूध संपव, चप्पल घाल, वेणी नीट. मायेची, पण कामातली. तो दुसरा आवाज तिला नेहमी दाराआडून मिळाला, दुसऱ्यांना दिलेला. त्यावरच ती वाचायला शिकली. आणि मग इतक्या वर्षांनी, बांधकाम चाललं होतं तेव्हा, गवंड्याला मीच म्हटलं होतं, ताईच्या खोलीला विटांची भिंत नको, प्लायवूड चालेल. खर्च वाचतो म्हणून... खर्च वाचतो म्हणूनच ना?

टॅबचा उजेड आपोआप मंदावला आणि मग विझला. ती उठली. अंगणात ताई वाट्या गोळा करत होती. तिच्यापाशी जाऊन ती उभी राहिली, आणि नुसतं उभं राहणंच इतकं अवघड गेलं की तिला स्वतःचं नवल वाटलं. मध्ये काहीच नव्हतं, ना दार, ना प्लायवूड.

"काय गं? काही राहिलं का?"

"नाही. ताई... मला जरा एक विचारायचंय."

काय विचारायचंय ते तिला अजून ठाऊक नव्हतं. ताईनं हातातल्या वाट्या हळूच खाली ठेवल्या, आवाज होऊ न देता, आणि तिच्याकडे बघत राहिली — वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या मुलानं हात वर केल्यावर बघावं तशी. थांबून. कसलीही घाई नसल्यासारखी.

ती घाबरली. पण जागची हलली नाही.