आर्डिसच्या काडतुसांची बंदूक

ऑर्व्हल ट्वेटच्या तळघरात काडतुसांचे चार डबे होते, आणि ती झाडायला बंदूक नव्हती. बंदूक त्यानेच विकून टाकली होती.

बंदूक त्याच्या बायकोची, आर्डिसची. तिच्या वडिलांनी एका जुन्या लष्करी रायफलीवरून लेकीच्या मापाने करून घेतलेली, रॉबर्ट्स नावाचं काडतूस लागणारी. खांद्याला धक्का कमी बसतो आणि नेम सरळ लागतो, म्हणून नवशिक्यांना ती चांगली. पण रॉबर्ट्स आता कोणी विचारत नाही. माल्टा गावच्या दुकानात मागितलं, तर दुकानदार आधी कपाटाकडे बघतो आणि मग तुमच्या वयाकडे. आर्डिसला दुकानाची गरजच नव्हती. हिवाळाभर ती तळघरातल्या बाकावर बसून आपली काडतुसं आपण भरायची. चार डबे भरून ठेवले आणि मार्चमध्ये गेली. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

ती गेल्यावर दाराशेजारच्या खुंट्यांवर टांगलेली बंदूक ऑर्व्हलला बघवेना. येता-जाता नजर तिथेच जायची. एकोणिसाव्या दिवशी वायोमिंगकडे निघालेला एक माणूस गवताचे भारे न्यायला आला, त्याने सहज विचारलं आणि ऑर्व्हलने ती काढून दिली. नाव विचारलं नाही, गाडीचा नंबर बघितला नाही. त्या रात्री त्याला बरी झोप लागली. पुढे बरेच दिवस लागली नाही.

डब्यांचं लक्षात आलं ते नंतर. चौथ्या डब्यावर आर्डिसच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘जोरीसाठी. हलकी.’

जोरी म्हणजे त्यांची नात. आर्डिस गेली तेव्हा आठ वर्षांची होती. आजीने तिला छोट्या बंदुकीवर शिकवलं होतं आणि सांगितलं होतं, बारा पूर्ण झाली की माझी बंदूक तुझी. यंदा ऑगस्टमध्ये जोरीला बारा पूर्ण झाली. शिकारीच्या वर्गाची परीक्षा पास होऊन ती थेट आजोबांकडे आली आणि रिकाम्या खुंट्यांकडे बघून विचारलं, बंदूक कुठाय. ऑर्व्हल म्हणाला, लाइलकडे दिलीय, दुरुस्तीला. हे बोलताना त्याने कॉफीचा मग विनाकारण धुवायला घेतला.

लाइल पोकॉर्नी बंदुका दुरुस्त करायचा. त्याची आणि ऑर्व्हलची शाळेपासूनची मैत्री. ऑर्व्हलने जाऊन खरं काय ते सांगितलं. लाइलने कानस खाली ठेवली.

“म्हणजे नसलेली बंदूक मी दुरुस्त करतोय. आजवर बरीच कामं केली, हे पहिलंच. कधीपर्यंत हवीय?”

“शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आत.”

“पोरीला साधी काहीतरी घेऊन दे म्हाताऱ्या. जिची काडतुसं किराणा दुकानातही मिळतात अशी.”

ऑर्व्हलने नकारार्थी मान हलवली.  लाइलने फोनवही काढली.

पुढचे दोन महिने ऑर्व्हल रॉबर्ट्सच्या मागे फिरला. ग्रेट फॉल्सच्या बंदुकांच्या बाजारात सकाळपासून दुपारपर्यंत टेबलं पालथी घातली. हाव्हरला एकाकडे होती, पण नळी गंजलेली. जवळच्या ग्लासगो गावात एकाकडे होती, ती तो मेला तरी देणार नव्हता आणि तसं त्याने आनंदाने सांगितलं. जिथे जिथे रॉबर्ट्स दिसे, तिथे ऑर्व्हल आधी ती उलटी करून दस्त्याच्या खालून अंगठा फिरवायचा. आर्डिसच्या बंदुकीला तिथे खाच होती. काटेरी तारेखालून सरपटताना पडलेली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. लाइलला तो म्हणायचा, कुठलीही रॉबर्ट्स चालेल. पण अंगठा आपला खाच शोधत राहायचा.

हंगामाला दहा दिवस राहिले तेव्हा लाइलला चिनूकमधल्या एका बाईचा पत्ता मिळाला. हेडविग क्लासेन. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. तिने ऑर्व्हलला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात मनुका भरून भाजलेली गोड पाई ठेवली आणि रायफल ओट्यावर आडवी ठेवली. ऑर्व्हलने दस्त्याखालून अंगठा फिरवला. लाकूड गुळगुळीत होतं.

बाईने ते पाहिलं. कोणाची शोधताय, असं तिने विचारलं, आणि ऑर्व्हलने जे आपल्या मुलीला, जोरीच्या आईलाही सांगितलं नव्हतं ते या परक्या बाईला सगळं सांगितलं. एकोणिसावा दिवस, गवताचे भारे, चौथा डबा.

हेडविगने पाईचा एक तुकडा कापून त्याच्या ताटलीत ठेवला. मग म्हणाली, “मी त्यांचे कोट नवव्या दिवशी चर्चला देऊन टाकले. अजून दुकानात गेले की पुरुषांच्या अंगावरचे कोट बघते.”

तिने सांगितलेली किंमत ऑर्व्हलने दिली. घासाघीस करावी असं त्याच्या मनातही आलं नाही. निघताना ती गाडीपर्यंत आली. म्हणाली, मुलीने पहिलं हरीण मारलं की मला कळवा, ही कपाटात राहून कंटाळलीय.

ऑर्व्हल तसाच लाइलकडे गेला. खिशात चौथ्या डब्यातलं एक काडतूस होतं. आर्डिसने भरलेली काडतुसं आर्डिसच्या नातीने झाडायची, बंदूक कुठली का असेना, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. लाइलने नळी उजेडात धरून पाहिली आणि खूश झाला. मग काडतूस आत सारून त्याने नळी मागून बंद करणारी खिट्टी पुढे ढकलली. ती करंगळीएवढं अंतर ठेवून थांबली.

“जोर लाव,” ऑर्व्हल म्हणाला.

“आणि? पोरीला पहिला धडा हाच देणार?”

लाइलने काडतूस हलकेच बाहेर काढून त्याला दाखवलं. गोळीच्या अंगावर चार बारीक ओरखडे होते. आर्डिसच्या बंदुकीची नळी आतून खोल कापलेली होती, म्हणून ती गोळी लांब बाहेर बसवायची. या बंदुकीत तेवढी जागा नाही, गोळी नळीच्या कंगोऱ्यांत रुतते. दाबून झाडली तर बंदूक फुटू शकते. एका बंदुकीसाठी भरलेलं दुसरीत घालायचं नाही, हे ऑर्व्हलला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. त्या भागात हे कुणालाही ठाऊक असतं. दोन महिने त्याने ते आठवू दिलं नव्हतं.

लाइल म्हणाला की काडतुसं उकलावी लागतील. गोळ्या आणि पितळी पुंगळ्या वापरता येतील, पुंगळ्या तो या बंदुकीच्या मापात आणून देईल, पण बारूद टाकून द्यायची आणि नवी, सगळ्यात कमी मापापासून, मोजून भरायची. एका दुपारचं काम, मीच करतो.

“नको,” ऑर्व्हल म्हणाला. तिने मिटलेलं दुसऱ्या कुणी उघडावं हे त्याला सोसलं नसतं. स्वतःलाही ते जमेल असं वाटत नव्हतं.

शनिवारी दुपारी जोरी आली. ऑर्व्हलने तिला तळघरात नेलं, रायफल हातात दिली, आणि ती दस्त्याखालून बोट फिरवतेय हे पाहिल्यावर त्याला फार काही सांगावं लागलं नाही.

“ही आजीची नाही.”

“नाही. ती मी विकली.”

“कधी?”

“ती गेल्यावर. एकोणिसाव्या दिवशी.”

जोरीने रायफल बाकावर ठेवली. डबा जवळ ओढून तिने त्यावरचं आपलं नाव वाचलं.

“आजी तुला खूप बोलली असती,” ती म्हणाली.

“हो. तिचं ते बोलणं ऐकायला मी रोज कान देतो.”

मग त्याने काडतुसांचंही सांगितलं. जोरीने बाकावरची, आजीची काडतुसं भरायच्या मापांची वही उघडली. पहिल्याच पानावर होतं, ‘बंदूक बदलली की तळापासून सुरुवात.’ तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि आजोबांकडे असं पाहिलं, जणू आजीने त्यालाच लिहून ठेवलं होतं.

काडतूस उकलायचा पोकळ हातोडा बाकाखाली होता. पहिलं काडतूस ऑर्व्हलने त्यात बसवलं, पण हात उचलेना. जोरीने हातोडा घेतला. ओंडक्यावर दोन घाव घातले, तिसऱ्याला गोळी सुटली. हातोडा उपडा केल्यावर तळहातावर काळी बारूद पडली, आर्डिसने मोजलेली, दाणा न् दाणा. त्या डब्यातली वीस काडतुसं संध्याकाळपर्यंत चालली. ओरखडे पडलेलं एकविसावं ऑर्व्हलने खिशातच ठेवलं. जोरीने पाहिलं, पण ते मागितलं नाही. बारूद तिने बाहेर नेऊन आजीच्या रेवाचिनीच्या आंबट भाजीच्या वाफ्यात पसरली. आर्डिसही टाकाऊ बारूद तिथेच टाकायची. म्हणायची, झाडं माजतात.

पुढच्या रविवारी ते माळावर गेले. लाइलने मापात आणून दिलेल्या पुंगळ्यांत दोघांनी नव्याने भरलेलं पहिलं काडतूस जोरीने आत सारलं. खिट्टी अलगद मिटली. ऑर्व्हलने तेवढा आवाज ऐकला, बाकीचं त्याला नीट आठवत नाही. शंभर पावलांवरच्या कागदाला काठाशी भोक पडलं होतं. जोरीने गवतातून पुंगळी शोधली आणि त्याच्या हातात दिली.

पुंगळी अजून गरम होती. ऑर्व्हलने ती थंड होईपर्यंत मुठीत धरून ठेवली.

परतताना समोरून एक पिकअप आला. मागच्या काचेत, खुंट्यांवर, एक जुनी रायफल आडवी होती. ऑर्व्हलने मान वळवून तिचा दस्ता बघितला. शेजारी बसलेल्या जोरीनेही बघितला. पिकअप वळणाआड गेला.

“आपली नव्हती,” जोरी म्हणाली.

“नव्हती,” ऑर्व्हल म्हणाला, आणि त्याने रस्त्याकडे तोंड केलं.